अकरा महिन्यांचं कपाट

पूर्वी मराठी कुटुंबं फर्निचरवरून फुटत. वडिलांचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, की भाऊ ओटीवर बसत आणि शेताची वाटणी एका संध्याकाळात उरकत. शिसवी पलंगाची मात्र वर्षानुवर्षं उरकत नसे. शेताला मध्ये बांध घालता येतो, पलंगाला घालता येत नाही, ही मूळ अडचण. अखेर थोरल्याला पलंग, धाकट्याला आरामखुर्ची आणि बहिणीला "तुझं लग्नात झालंय की सगळं" हे वाक्य, असा निवाडा होई. त्यानंतर दोन घरांचं जाणं-येणं बंद. मुंजीच्या पत्रिका जात, पण पोस्टाने. दोन्ही भाऊ अबोला धरूनच गेले, पलंग ठणठणीत राहिला. आता त्याच्यावरून पुतणे बोलत नाहीत.

हा प्रश्न आमच्या पिढीने कायमचा सोडवला आहे. आज घरोघरी उभं असलेलं एकही कपाट असं नाही, की ज्यासाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतील. वाद झालाच तर उलट्या दिशेने होतो. "तू घेऊन जा ना." "छे छे, तुझ्याकडेच राहू दे. आईची आठवण आहे." "अरे, ऑनलाइन मागवलं होतं मी ते. कसली आईची आठवण?" कौटुंबिक सलोख्याच्या कामी पार्टिकल बोर्डाने जे करून दाखवलं, ते शंभर कीर्तनांना साधलं नव्हतं.

हा पार्टिकल बोर्ड ज्यांना ओळखता येत नाही, त्यांनी आपल्या टीव्ही युनिटचा जमिनीलगतचा कोपरा वाकून पाहावा. फरशी पुसणाऱ्या मावशींनी त्याचं गुपित केव्हाच फोडलेलं असतं. लाकडाचे बारीक तुकडे आणि भुसा घ्यायचा, त्यात युरिया-फॉर्माल्डिहाइडचा डिंक कालवायचा, तापलेल्या यंत्रात दाबून त्याची फळी करायची आणि वरून लाकडाच्या रेषा छापलेला कागद चिकटवायचा. थोडक्यात, भुशावर लाकडाचा फोटो. आत निलगिरी नाहीतर सुबाभूळ, बाहेर अक्रोड. उसाच्या चिपाडापासूनही असा बोर्ड होतो. म्हणजे एखाद्या कपाटाचं माहेर थेट साखर कारखान्यात निघू शकतं. संचालक मंडळाच्या निवडणुकीत त्याला मत नाही, एवढंच.

यात कुणाचा कावा होता असं मात्र समजू नये. माक्स हिमलहेबर नावाच्या जर्मन गृहस्थांनी १९३०च्या दशकात या फळीचा पाया घातला, तो निव्वळ काटकसरीपोटी. झाड कापून फळ्या काढताना ढलप्या, फांद्या आणि भुसा मिळून लाकडाचा मोठा हिस्सा वाया जातो, हे त्यांना बघवेना. त्या उरल्यासुरल्याचंच फर्निचर केलं तर तेवढी झाडं वाचतील, असा त्यांचा हिशेब. मराठी घरात हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. फोडणीची पोळी याच तत्त्वावर उभी आहे. पुढे खाणारे इतके वाढले की कुस्करा पुरेना, आणि मग नुसत्या कुस्करण्यासाठी ताज्या पोळ्या लाटायची वेळ आली. भुसा करण्यासाठीच झाडं लावायची आणि वाढली की त्यांच्या ढलप्या पाडायच्या, असा आजचा व्यवहार आहे. गंमत म्हणजे याच हिमलहेबरांनी १९७१ साली फ्रीडरिष गेओर्ग युंगर या लेखकासोबत एक नियतकालिक काढलं आणि त्याचा सूर तंत्रज्ञानाच्या घोडदौडीकडे संशयाने पाहण्याचा होता. आपण शोधलेली फळी जगभर फुगू लागली की माणूस विचारवंत होतो.

असं कपाट घेणाऱ्यांना नावं ठेवायला माझी जीभ वळवळते, पण वळवळून गप्प बसते. हिंजवडी, खराडी, ऐरोली, घोडबंदर रोड इथल्या तरुण जोडप्यांचं आयुष्य अकरा महिन्यांच्या भाडेकराराने आखून दिलेलं असतं. दहावा महिना संपत आला की घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरतं. ज्याला मूलच नाही, अशा मालकाच्या मुलाचंही ठरतं. "सरळ सागवानी पलंग करून घ्या, जन्माची चिंता मिटेल," असा सल्ला या जोडप्याला देणारे काका स्वतः चाळीस वर्षं एकाच खोलीत राहिलेले असतात, तेही पागडीच्या. सागवानी पलंग चार जणांनी उचलून तिसऱ्या मजल्यावर चढवायचा, वळणावर भिंतीचा पोपडा काढायचा, तो अनामत रकमेतून कापून द्यायचा आणि अकरा महिन्यांनी तोच पोपडा उलट दिशेने काढायचा, हे परवडणारं नसतं. म्हणून कपाटाचं आयुष्य कराराच्या आयुष्याशी जुळवून घेतलं जातं. मासिक हप्ता इतका किरकोळ, की महिन्याला दोन पिझ्झे कमी मागवले तर कपाट फुकट पडतं. पिझ्झे कमी होत नाहीत, हा भाग वेगळा.

हे कपाट घरात येतं ते खोका होऊन. ही युक्ती १९५६ सालची. आयकियातल्या गिलिस लुंडग्रेन यांना एक टेबल मोटारीत मावेना, तेव्हा त्यांनी त्याचे पाय काढले आणि त्यातून एका जागतिक धंद्याला पाय फुटले. सामान चपट्या खोक्यांतून गेलं की ट्रकमधून हवेची ने-आण करावी लागत नाही, डिझेल वाचतं. एवढं पुण्य या फर्निचरच्या खात्यावर प्रामाणिकपणे जमा केलं पाहिजे. मात्र खोका उघडला की पुण्य संपतं आणि थर्माकोल सुरू होतं.

सोबतच्या कागदावर एकही शब्द नसतो. गोलमटोल चेहऱ्याचा एक माणूस असतो. तो एकटाच कपाट उभारायला निघाला की त्याच्यावर फुली मारलेली असते, आणि जोडीला दुसरा आला की दोघंही हसत असतात. लग्नसंस्थेचा इतका मोजका पुरस्कार दुसऱ्या कुणी केला नसेल. प्रत्यक्षात जोडपं कपाट जोडायला बसलं की तिसऱ्या चित्रापर्यंत कुणीच हसत नसतं. चौदाव्या चित्रापाशी लक्षात येतं, की चौथ्या चित्रातली फळी उलटी लागली आहे. शेवटी कपाट उभं राहतं आणि चार स्क्रू उरतात. "जास्तीचे दिलेत," असं नवरा म्हणतो. मोफत जादा माल मिळाल्याचा त्याच्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग असतो, तरी त्याला संशय येत नाही.

कपाटाची खरी परीक्षा घर बदलताना होते. अस्सल लाकडात स्क्रू बसतो तो लांब तंतूंना धरून. भुशाच्या फळीत तंतू नसतात, तुकडे असतात. त्यात स्क्रू एकदाच बसतो. काढला की आजूबाजूचा भुसा सोबत घेऊन बाहेर येतो आणि पुन्हा बसवला की त्याच भोकात नुसता गरगर फिरतो. पॅकर्स-मूव्हर्सच्या मुलांना हे शास्त्र मुखोद्गत असतं. "सर, खोलून देतो. पण परत लागेल याची गॅरंटी नाही. लागलं तर हलेल." मग घरातला कर्ता पुरुष आगपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून त्या भोकांत कोंबतो. त्या काड्या म्हणजे अख्ख्या कपाटातला सलग लाकडाचा पहिला तुकडा.

उरलंसुरलं काम पावसाळा करतो. फळीतला प्रत्येक कण जबरदस्तीने दाबून बसवलेला असतो. जुलैची ओल भिंतीतून उतरली, की दाबले गेलेले सगळे एकदम मान वर काढतात आणि ऑक्टोबरात वाळले तरी पुन्हा खाली बसत नाहीत. दार लागेनासं होतं, मग लागलेलं उघडेनासं होतं. वरचा अक्रोड कडेने सुटू लागतो आणि घरातलं लहान मूल तो रोज थोडा थोडा सोलतं. निलगिरी कापण्याजोगी व्हायला चार-पाच वर्षं लागतात. तिच्या भुशाचं कपाट पनवेल-पेणच्या हवेत तेवढे पावसाळे काढील याची खात्री नाही. झाड वाढायला लागलेल्या वेळाइतकीही वस्तू जगत नसेल, तर तो धंदा तोट्याचा आहे, हे सांगायला पर्यावरणतज्ज्ञ कशाला हवा? वाण्याचा मुनीमही सांगेल.

आणि दमट हवेला तरी दोष का द्यावा? याच मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी १८१७ साली मलबारी सागाची 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षं खाऱ्या पाण्यात काढलेलं लाकूड एकीकडे, आणि फिनेलच्या पाण्याचा एक फटका बसताच पाय सोडून देणारा आमचा शू-रॅक दुसरीकडे. म्हणून सगळ्यांनी सागावर तुटून पडावं असंही नाही. जहाजांपायी मलबारातला साग इतका उतरणीला लागला होता, की १८४०च्या दशकात निलांबूरला तो मुद्दाम लावावा लागला. लाकूड कुठलं, यापेक्षा ते किती वर्षं राबलं हे पाहायला हवं. झाडाने हवेतून ओढून घेतलेला कार्बन लाकूड शाबूत आहे तोवर त्यातच कोंडलेला राहतो. आजोबांचा पलंग तो शंभर वर्षं कोंडून ठेवतो. आपलं कपाट भाडेकराराच्या नूतनीकरणापर्यंत.

शेवटी कपाट नकोसं होतं आणि भंगारवाल्याला हाक जाते. आपल्याकडे वस्तूच्या किमतीचा अंतिम निवाडा त्याचाच. गळका स्टोव्ह, जळका मिक्सर, तिचाकी सायकलची दोन चाकं, दहावीचे एकवीस अपेक्षित, सगळं तो घेतो. गंजलेलं लोखंडी कपाट तर किलोवर घेतो आणि वर घासाघीस करतो. घासाघीस ही त्याने वस्तूला दिलेली मानवंदना असते. पार्टिकल बोर्डाच्या कपाटापाशी मात्र तो बोटाच्या पेराने एकदाच टकटक करतो.

"ताई, हे नाही चालत."

"अहो, दोन वर्षांपूर्वी अठरा हजारांना घेतलंय."

"असेल. उचलायचे पाचशे पडतील."

"बस पाचशे? बरं, द्या."

"मी नाही ताई. तुम्ही द्यायचे."

इथे मराठी मध्यमवर्गाचं अर्थशास्त्र कोलमडतं. वस्तूची किंमत कमी होत होत शून्यावर येते, हे आपण सोसू शकतो. ती शून्याच्या खाली जाते आणि वर आपल्यालाच मोजावी लागते, हे अठरा हजारांच्या पावतीवर कुठेच छापलेलं नसतं. भंगारवाल्याचं तरी काय चुकलं? लोखंड वितळतं, कागदाचा लगदा होतो, प्लास्टिकचे दाणे होतात. भुसा आणि डिंक एकदा एकजीव झाले की दारावरचा कुणीही माणूस त्यांना वेगळं करू शकत नाही. तो बिजागऱ्या आणि हँडल काढून नेतो. बाकीचा देह तिथेच राहतो.

मग त्या देहाची भ्रमंती सुरू होते. आधी जिन्याच्या वळणावर, मग गच्चीवर, मग पार्किंगमध्ये सेक्रेटरींच्या गाडीमागे. सोसायटीच्या ग्रुपवर "कृपया ज्यांचं असेल त्यांनी" असा संदेश येतो आणि त्याला बावीस अंगठे मिळतात. ज्याचं कपाट असतं त्याचा अंगठा सगळ्यात आधी. घंटागाडीवाला फक्त ओला आणि सुका ओळखतो. हे कपाट जन्माने सुकं, पण दोन पावसाळ्यांनंतर ओलं. अखेर एका रात्री ते नदीपात्राकडे किंवा टेकडीच्या पायथ्याकडे प्रस्थान ठेवतं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने घरोघरच्या जुन्या अडगळीच्या वस्तू गोळा करण्याच्या मोहिमा काढल्या, ही त्यातल्या त्यात बरी बातमी. पण मोहिमेची तारीख कळेपर्यंत कपाट टेकडीवर पोचलेलं असतं.

पूर्वी मोडकं स्टूल बंबात जाई आणि जाता जाता घरादाराच्या अंघोळीची सोय करी. या कपाटाला धड अग्नीही देता येत नाही. त्याच्या धुरात डिंकातली रसायनं असतात आणि कडेची पट्टी पीव्हीसीची असेल तर हायड्रोजन क्लोराइडसारखा जळजळीत वायूही. नव्या कपाटाचं दार उघडताच डोळ्यांना झोंबणारा जो वास येतो, तो बऱ्याचदा फॉर्माल्डिहाइडचा, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत बसवलं आहे. तरीही वॉचमनच्या शेकोटीत एखादा खण जातो आणि होळीला पोरं अख्खं दार पळवून नेतात. होळीत दुष्ट प्रवृत्ती जाळायच्या असतात हे खरं. पण ही प्रवृत्ती धूर होऊन आपल्याच खिडकीतून घरी परत येते.

या वाटेवर पुढे काय लागतं ते अमेरिकेकडे पाहून कळतं. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या आकडेवारीनुसार १९६० साली फर्निचर आणि घरातल्या तशाच सामानाचा कचरा २२ लाख टन होता. २०१८ साली तो १ कोटी २१ लाख टनांवर गेला आणि त्यातला सुमारे ८० टक्के सरळ जमिनीत पुरला गेला. या काळात तिथली माणसं दुपटीनेही वाढली नाहीत, कपाटं मात्र साडेपाचपट मेली.

तिथे २००२ साली आयकियाची एक जाहिरात गाजली होती. एक बाई जुना दिवा उचलून रस्त्यावर कचऱ्याशेजारी ठेवते. पाऊस पडतो, वारा सुटतो, खिडकीत नवा दिवा लागलेला दिसतो आणि आपला जीव कळवळतो. तेवढ्यात एक माणूस येऊन आपल्यालाच झापतो, की तुम्ही वेडे आहात, दिव्याला भावना नसतात आणि नवा दिवा जास्त चांगला आहे. आपल्याकडे हा माणूस टिकला नसता. आपला पाय चुकून टीपॉयला लागला तरी आपण त्याला नमस्कार करतो. दसऱ्याला स्क्रूड्रायव्हरला झेंडूचं फूल वाहतो. वस्तूला भावना असतात की नाही या वादात आपण पडतच नाही. उगाच कशाला, असतील तर? पुढे २०१८ साली कॅनडात त्याच जाहिरातीचा दुसरा भाग आला. त्यात एक लहान मुलगी तो टाकलेला दिवा घरी नेते आणि तोच माणूस जुनी वस्तू पुन्हा वापरणं किती चांगलं ते सांगतो. सोळा वर्षं लागली, पण माणूस टीपॉयला नमस्कार करण्याच्या जवळपास आला.

खरं तर वस्तू मरू न देण्यात आपला हात धरणारं कुणी नव्हतं. गादीत गोळे झाले की पिंजारी दारात बसून कापूस पिंजायचा आणि तीच गादी पुन्हा टम्म व्हायची. फोमची गादी एकदा बसली की कुणीच पिंजू शकत नाही. खाटेची नवार ढिली झाली तर खाट टाकायचं कुणाच्या मनात येत नसे, नवार ओढून घेत. अजूनही मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात प्लास्टिकच्या दोन मोडक्या खुर्च्या एकमेकींत बसवून एक धडधाकट खुर्ची केलेली दिसते: एकीचा पुढचा पाय गेलेला, दुसरीचा मागचा. वरमायला ती देत नाहीत, पण आचारी तिच्यावर बसून हजार पानांचा हिशेब करतो.

फ्रान्समध्ये २०१३ पासून नव्या फर्निचरच्या किमतीत त्याच्या विल्हेवाटीची छोटी रक्कम वेगळी दाखवून घेतात. म्हणजे खुर्ची विकत घेतानाच तिच्या अंत्यविधीची वर्गणी भरायची. ऐकायला अभद्र वाटतं, पण व्यवहार चोख आहे. आपल्याकडे टायर, बॅटऱ्या, प्लास्टिकची वेष्टनं, इलेक्ट्रॉनिक वस्तू यांच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम आहेत. टायरला वाली आहे. कपाटाला अजून नाही.

तो मिळेपर्यंत ग्राहकाने एकच प्रश्न पाठ करून दुकानात शिरावं: हे भंगारवाला कितीला घेईल? लोखंडी कपाट, वेताची खुर्ची, जुन्या बाजारातलं डगमगणारं सागवानी टेबल यांना या प्रश्नाचं काहीतरी उत्तर असतं. चकचकीत दालनातल्या विक्रेत्याला मात्र छटा पाठ असतात, हप्ते पाठ असतात, शून्य टक्के व्याजाची सगळी कलमं पाठ असतात; या प्रश्नाला तो मॅनेजरला बोलावतो. मॅनेजर हसत हसत येतो.

"सर, त्याची काळजीच सोडा. एक्स्चेंज ऑफर आहे. जुनं द्या, नव्यावर दोन हजार सूट."

"जुन्याचं तुम्ही काय करता?"

"भंगारवाल्याला देतो."

"आणि तो घेतो?"

"घेतो ना सर." मॅनेजर इकडेतिकडे पाहतो आणि आवाज खाली आणतो. "पाचशे रुपये घेतो."